डिस्क दिसत नाही

नगरच्या माळीवाड्याहून सुटणाऱ्या सोनईच्या एसटीत एकच जागा रिकामी दिसत होती, आणि तिच्यावर एक सीपीयू बसला होता.

मेहविशनं पुढपासून मागपर्यंत नजर फिरवली. दुसरीकडे उभं राहायलाही धड जागा नव्हती. खिडकीशी बसलेल्या तरुणानं त्या काळ्या डब्याभोवती हात टाकला होता, ताप आलेल्या पोराला शाळेतून घरी नेताना बाप टाकतो तसा.

"याचं तिकीट काढलंय का?" तिनं विचारलं.

"का... का..."

"काढलंय?"

"काढणा—"

"काढणार होता. राहू द्या, मीच काढते माझं. उचला याला."

त्यानं निमूटपणे डबा मांडीवर घेतला. मेहविश बसली, ओढणी सावरली, आणि आपण सकाळच्या मुलाखतीचा राग कुणावर तरी काढला हे तिला जाणवलं. सुप्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात जागा निघाली होती. तिथल्या साहेबांनी तिला इंग्रजीत विचारलं होतं, आणि येत असलेली उत्तरंही तिच्या तोंडून अर्धीच बाहेर पडली होती.

कंडक्टर आला. "कुठं?"

"सो... सो..." तरुणाचे ओठ जुळले, मिटले, पुन्हा जुळले.

"सोनई का सोलापूर? ह्यी गाडी सोनईलाच जाती, दादा." कंडक्टरनं तिकीट फाडलं. मागच्या सीटवर कुणीतरी हसलं. तो तरुणही हसला... सवयीनं, लोकांना अवघडायला होऊ नये म्हणून हसतात तसं.

मेहविश खिडकीबाहेर पाहू लागली. तो लाजत नव्हता तर, बोलताना अडखळत होता. आणि आपणही मघाशी कंडक्टरसारखंच केलं होतं.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "काय झालंय याला?"

त्यानं खिशातून मोबाईल काढला, भराभर काहीतरी टाइप केलं आणि तिच्यासमोर धरलं. 'डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. सेवा करा.'

ती खुदकन हसली. तोही हसला; या वेळचं हसू वेगळं होतं. मग टाइप करत, मधूनमधून बोलत, त्यानं सगळं सांगितलं. तो कैफ. सोनईच्या बाजारपेठेत त्याचं लग्नपत्रिका छापायचं दुकान. जुनं मशीन विजेच्या झटक्यात जळलं. डिस्क तेवढी वाचली, म्हणून ती काढून एका कंपनीच्या भंगारातून घेतलेल्या या डब्यात बसवली. पण विंडोज सुरूच होईना. कुणीतरी म्हणालं, रिकाम्या जागेत लिनक्स टाक, जुन्या फायली दिसतील. त्यानं पेनड्राइव्ह लावला, आणि लिनक्स म्हणालं, इथं डिस्कच नाही. नगरमधल्या दुकानदारानं तर डबा उघडलासुद्धा नाही. डिस्क गेली, नवी घ्या, म्हणाला.

"दिसत नाही म्हणजे गेली, असं थोडंच असतं?" मेहविश म्हणाली. "मी क्लासमध्ये शिकवते हे. बॅकअप असेल ना?"

"आहे." कैफनं एक श्वास घेतला. "त्या... त्याच डिस्कवर."

दोघांनाही एकदम हसू फुटलं. पुढच्या सीटवरच्या मावशींनी वळून पाहिलं तेव्हा कुठे ते थांबलं.

"आहे काय एवढं तिच्यात?"

गाडी घोडेगावच्या चौकात थांबली होती. कैफनं खिडकीतून बोट दाखवलं. एका बंद दुकानाच्या भिंतीवर, उन्हानं फिकट झालेल्या पिवळ्यावर, लाल ठसठशीत अक्षरं होती... 'शेतकरी रसवंती'. प्रत्येक अक्षराला खालून निळी सावली.

"अब्बांनी लि... लिहिलंय," तो म्हणाला.

त्याचे अब्बा बोर्ड रंगवायचे. नेवासे तालुक्यातली अर्धी दुकानं त्यांच्या हातची. ते गेले, आणि फ्लेक्स आल्यापासून बोर्डही जाऊ लागले होते. कैफ दोन वर्षं मोटारसायकलवर गावोगाव हिंडला. जिथं अब्बांचं अक्षर दिसेल तिथं फोटो काढला आणि एकेक अक्षर मशीनवर गिरवून घेतलं. त्या हस्ताक्षराचा फॉन्ट करायचा होता त्याला. सगळं त्या डब्यात होतं.

मेहविशनं मग चेष्टा केली नाही. सोनईचा स्टँड आला तेव्हा म्हणाली, "उद्या क्लास सुटल्यावर येते. तोवर याला कुणाला हात लावू देऊ नका. तुम्हीसुद्धा लावू नका."

•

दुकान लहान होतं. दारात कैफची आई, सकीनाचाची, पत्रिकांना घड्या घालत बसल्या होत्या. "आओ बेटी, बैठो," म्हणत त्यांनी आपल्याजवळचं स्टूल पुढे सरकवलं. मेहविश त्यांच्याशी घरच्यासारखं दखनी उर्दूत बोलली; कैफशी मात्र मराठीतच. एसटीत मराठीत ओळख झाली ती तशीच राहिली. नंतरही बदलावंसं दोघांना वाटलं नाही.

तिनं आधी डब्याचं झाकण काढलं. या डब्यात बसवताना डिस्कची केबल नीट बसली नसेल असा तिचा कयास होता. केबल काढून पुन्हा दाबून बसवली, दुसरी लावून पाहिली. पेनड्राइव्हवरून लिनक्स उघडलं. कुठं बसवायचं या पानावर मात्र यादी कोरीच. पुन्हा केलं. पुन्हा कोरी.

काल एसटीत मारलेल्या बढाईची तिला लाज वाटू लागली. कैफ शेजारी उभा होता आणि त्याची बोटं टेबलाच्या कडेवर एकच अक्षर गिरवत होती, पुन्हा पुन्हा.

"एक मिनिट," ती म्हणाली. "बायोसमध्ये बघू."

मशीन बंद करून चालू केलं आणि ते जागं होताहोताच तिनं एक बटण दाबून धरलं. निळी स्क्रीन आली. लिनक्स नाही, विंडोज नाही. डब्याची स्वतःची, मुळातली यादी. त्या यादीत एका ओळीवर डिस्कचं नाव होतं.

"आहे," ती हळूच म्हणाली. "कैफ, डिस्क आहे. डब्याला दिसतेय. लिनक्सलाच दिसत नाहीये."

"म... म्हणजे?"

"डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती असतात. कंपनीतली मशीनं बहुतेक एका पद्धतीवर लावलेली असतात. रेड म्हणतात तिला. लिनक्सला इथं दुसरी हवीय, एएचसीआय. जळलेल्या मशीनमध्ये ती आपोआप असेल, म्हणून तिथं कधी अडलं नाही."

तिनं ती ओळ शोधली. बदलायला गेली तर चौकटीत इशारा आला, बदल केल्यास मशीन सुरू न होण्याची शक्यता आहे. खाली हो आणि नाही.

कैफनं तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही का... काय कराल?"

मेहविशला पटकन 'हो' म्हणता आलं असतं. तिला खात्री होती, जवळजवळ. पण त्या जवळजवळमध्ये एका माणसाचं सगळं अक्षर होतं.

"मला वाटतं डिस्कवरचं काही जाणार नाही," ती म्हणाली. "पण अक्षरं तुमच्या अब्बांची आहेत. हे बटण तुम्ही दाबायचं."

त्यानं आईकडे पाहिलं. चाचींनी हातातली पत्रिका खाली ठेवली आणि मान हलवली. कैफनं दाबलं.

स्क्रीन काळी झाली. पंखा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. पेनड्राइव्हचा बारीक दिवा लुकलुकला... आणि लिनक्सच्या त्या पानावर, इतका वेळ कोऱ्या असलेल्या चौकटीत, डिस्कचं नाव उमटलं.

कैफनं आनंदानं माऊस ओढला आणि पुढे जायला निघाला. मेहविशचं लक्ष त्याच्या चेहऱ्यावर होतं, म्हणून स्क्रीन तिनं उशिरा वाचली. आधीपासून निवडलेला पर्याय होता... संपूर्ण डिस्क पुसून लिनक्स बसवा.

तिनं त्याचं मनगट पकडलं.

"थांब."

तो थांबला. तिचा हात त्याच्या मनगटावर तसाच राहिला, गरज होती त्यापेक्षा जास्त वेळ. 'तुम्ही' केव्हा गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. दारात सकीनाचाची पत्रिका मोजत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही, पण मोजणी चुकली असावी. गठ्ठा सारखा करून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

"आधी तुझ्या फायली बाहेर काढू," मेहविश हात मागे घेत म्हणाली. "माझी डिस्क आणलीय. लिनक्स नंतर बसवू, रिकाम्या भागात. घाई कशाला?"

त्या संध्याकाळी एकेक अक्षर उघडून दोघांनी पाहिलं. कैफच्या अब्बांचा 'ळ' मिशा पिळल्यासारखा होता. 'भ' जरा पुढे झुकलेला. 'क'चा गोल भरदार. सकीनाचाची मागे येऊन उभ्या राहिल्या. मग चहा ठेवायला आत गेल्या, आणि आतून कितीतरी वेळ भांड्याचा आवाज आला नाही.

•

लिनक्स बसलं. मग मेहविश ते शिकवायला येऊ लागली, आणि शिकवून झालं तरी येत राहिली. बाजारपेठेत ते कुणाच्या नजरेत न येणं शक्य नव्हतं; पण चाची दारातच असत, आणि मेहविशचे वडील नबीलाल घोडेगावच्या बाजारात कांद्याचे अडते होते, त्यांच्या पोरीबद्दल वावगं बोलायची कुणाची छाती नव्हती.

लग्नसराई जोरात होती. अजिनाथ नावाचे एक शेतकरी रोज चक्कर मारत. "पोरीची पत्रिका हाय का न्हाई या जल्मात? का त्या लिनिक्सनं गिळली?" ते मेहविशलाच विचारत, जणू दुकान तिचं होतं. आणि तीही, "उद्या घेऊन जा, काका," असं मालकिणीच्या थाटात सांगत असे.

कैफ मेसेजवर फार बोलायचा. मिश्कील, भरभरून. समोर आला की मोजकं. एकदा ती म्हणाली, "मोबाईल ठेव बाजूला. तोंडानं सांग. मला वेळ आहे." तेव्हापासून तो बोलू लागला. शब्द अडला की तिला फार जड जाई. पुढचा शब्द तिला दिसत असे, जिभेवर येत असे. कधी ती गप्प राही, कधी नकळत बोलून जाई. बोलून गेली की तो मान डोलवायचा.

"माझं नाव लिहून दाखव ना," एकदा ती म्हणाली.

त्यानं अब्बांच्या अक्षरात लिहिलं. मेहविश. लाल, खाली निळी सावली.

"'श' जरा तिरका वाटतोय."

"रस... रसवंतीवरचा आहे. 'शेतकरी'मधला."

"म्हणजे माझं नाव उसाच्या रसातून काढलंस तू."

"म्हणून तर गो... गोड आहे."

तो स्क्रीनकडे पाहूनच म्हणाला. बाहेर लिंबाला मोहोर आला होता आणि त्याचा कडवट-गोड वास दुकानभर झाला होता.

'ञ' मात्र कुठंच सापडला नव्हता. अब्बांच्या कुठल्याच बोर्डावर तो आला नव्हता. फॉन्टमध्ये त्याची जागा रिकामी होती.

"तो तू काढ," मेहविश म्हणाली.

"मा... माझं अक्षर अब्बांसारखं नाही."

"कुणी म्हटलं त्यांच्यासारखं काढ म्हणून? तुझ्यासारखं काढ."

त्यानं काढायला आठवडा लावला. 'ञ' चांगला होता. अब्बांच्या अक्षरांपेक्षा थोडा सडपातळ, पण ओळीत उभा केला की घरचाच वाटणारा.

•

मग सुप्याहून फोन आला. नोकरी लागली होती.

राहायचं नगरला खालाकडे, आईच्या बहिणीकडे, रोज कंपनीच्या बसनं सुप्याला. नबीलालनी बाजारात पेढे वाटले. मेहविश निघायच्या आदल्या संध्याकाळी दुकानात गेली. चाची शेजारी कुणाकडे गेल्या होत्या. कैफनं मॉनिटर बंद केला. तिनं त्याला तसं करताना कधी पाहिलं नव्हतं.

"मेहविश," तो म्हणाला. नाव नीट आलं. "मला... तू... मला तू—"

तो अडला. त्याचे डोळे मिटले गेले, मानेची शीर ताठ झाली. पुढचा शब्द मेहविशला दिसत होता. तो आला की त्यावर काहीतरी म्हणावं लागणार, घरी आपल्या अब्बांना सांगावं लागणार, नोकरी, नगर, सगळं पुन्हा मांडावं लागणार... तिला भीती वाटली.

"मला तू खूप मदत केलीस," ती घाईघाईनं म्हणाली. "हेच ना? वेडा आहेस. त्यात काय एवढं?"

कैफनं डोळे उघडले. तिच्याकडे पाहत राहिला. मग नेहमीसारखी मान डोलवली.

"हो," तो म्हणाला. "ते... तेच."

•

सुप्याला काम होतं, पगार होता, मशीनंही नवी होती. कैफचे मेसेज येत, पण थोडके. नवीन पत्रिका छापली. अजिनाथकाकांच्या मुलीचं लग्न झालं. अम्मी सलाम सांगते. तीही तसंच काहीबाही लिही.

दर सोमवारी तिथं मीटिंग असे, इंग्रजीत. एका सोमवारी नव्या मशीनवरच्या अडचणीबद्दल मेहविशला बोलायचं होतं. सगळं ठाऊक होतं तिला. तिनं सुरुवात केली, मधला एक शब्द सापडेना, ती क्षणभर थांबली... आणि पलीकडचे साहेब हसून, अगदी प्रेमानं, तिचं वाक्य पुरं करून मोकळे झाले. चुकीचं. ती म्हणत होती त्याच्या बरोबर उलटं.

सगळे तिच्याकडे पाहत होते. नाही म्हणायचं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पुन्हा तो शब्द. पुन्हा ती शांतता.

"यस," ती म्हणाली. "दॅट ओन्ली."

बसमध्ये घरी येताना तिला रडू आलं. साहेबांच्या वागण्यानं नव्हे. 'तेच' म्हणताना कैफचा चेहरा कसा होता, तो तिला आता दिसला. त्यानं ते वाक्य किती दिवस जुळवलं असेल. आणि आपल्याला ते ठाऊक असून आपण त्याच्या तोंडात दुसरंच घातलं... घाबरलो होतो म्हणून.

पुढच्या सुट्टीला ती सोनईला आली. भादव्यातली रिमझिम सकाळपासून लागली होती, बाजारपेठेत चिखल झाला होता. घरी पिशवी टाकून ती तडक दुकानात गेली. सकीनाचाचींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, छत्री उचलली आणि म्हणाल्या, "मैं जरा दूध लाती." घरात दूध होतं, हे कैफलाही माहीत होतं आणि मेहविशलाही.

"त्या दिवशी," ती म्हणाली, "तू जे म्हणणार होतास, ते मदतीचं नव्हतं. मला माहीत होतं. माहीत असून मी बोलले. चुकलं माझं."

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"आता सांग ना. मी थांबते."

तो हसला. हळूच, थोडं थकलेलं. मग म्हणाला, "मी एकदा प्र... प्रयत्न केला. आता तू... सांग."

"मी?"

"हो."

मेहविशनं तोंड उघडलं. तिला शब्दांची कधी वाण नव्हती. पोरांना शिकवायची, भाजीवाल्यांशी हुज्जत घालायची, कंडक्टरला गप्प करायची. आणि आता एक साधं वाक्य येईना.

"मला... म्हणजे मी..." ती थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "तिकडे सगळं... कैफ, मला..."

तो वाट पाहत होता. मोबाईलला हात लावला नाही, मान हलवली नाही, ओठांवर शब्द आणला नाही. पुढचं त्याला ठाऊक होतं, हे त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. तरी तो थांबला होता. आयुष्यभर लोकांनी आपल्यासाठी थांबावं असं त्याला वाटलं असेल, तसा तो तिच्यासाठी थांबला.

"मला तू हवा आहेस," ती शेवटी म्हणाली. "रोज. सुट्टीपुरता नाही."

कैफनं खुर्ची मागे सारली आणि उठून तिच्यासमोर आला. ओढणीत गुंतलेला तिचा हात त्यानं सोडवला, आणि आपल्या हातात ठेवला.

"मलाही," तो म्हणाला. "ते... तेव्हापासून. एसटीपासून."

"एसटीत तर मी भांडले होते तुझ्याशी."

"भां... भांडण डब्याशी होतं."

चाची दूध घेऊन आल्या, त्या दारातूनच मोठ्यानं खोकत आल्या.

•

लग्नाचा निरोप आईकडून पाठवायचा अशी रीत होती. कैफनं ऐकलं नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी तो एकटाच घोडेगावला गेला. मेहविशला त्यानं आधी सांगितलंही नाही. ती अजून सुट्टीवर घरीच होती; तिला कळलं ते संध्याकाळी, नबीलाल घरी आले तेव्हा. ते टोपी काढून पलंगावर बसले. बाजारातून आले की त्यांच्या तोंडी बाजारातली मराठीच असायची.

"तो पेंटरचा पोरगा आल्ता," ते म्हणाले. "कैफ. ऐन लिलावात."

मेहविशच्या हातात चहाचा कप होता. तिनं तो जपून त्यांच्यापुढे ठेवला. "काय म्हणाला?"

"तुझं नाव घेतलं. मग मला काय ते समजलं. चांगला वाटला पोरगा. बाप तर मला माहीतच हुता, माझ्या गाळ्यावरचा बोर्ड त्याचाच हाय." नबीलालनी चहाचा घोट घेतला. "म्या म्हनलं, बाबा, नोकरी नवी हाय तिची, जरा दिवस जाऊ दे, मग बसू दोन्ही घरं. घाई न्हाई कसली."

"मग?"

"मग म्हनला, काका, मला घाई हाय."

मेहविशनं हसू लपवायला मान खाली घातली. "असं म्हणाला?"

"म्हनला की. लई वेळ लागला त्याला म्हनायला." नबीलालनी कप खाली ठेवला. "लिलाव थांबला हुता. हमाल, मापाडी, यापारी... सगळा बाजार थांबून हुता त्याच्यासाठी. मग मीबी 'बरं' म्हनलं."